सातवी पायरी

"गावाचं नाव पोस्टमनला सांगायचं. मला खूण सांगा."

हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर त्या काळात इंदुरात कृष्णपुऱ्यापासून स्नेहलतागंजापर्यंत सापडलं नसतं. म्हणताना फोटोवाले काका वही गुडघ्यावर ठेवत, पेन्सिलीचं टोक जिभेला लावत आणि डोळे मिटून घेत. समोरचा माणूस आठवायला लागला, घुटमळला, घरातल्या म्हाताऱ्यांना हाका मारायला लागला तरी ते डोळे उघडत नसत. खूण तोंडातून बाहेर पडली की मगच वही उघडायची.

आम्हा इंदूरच्या मराठी माणसांची गंमत तुम्हाला सांगायला हवी. कुणाचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेबरोबर आले, कुणाचे पणजोबा शाळामास्तर म्हणून, कुणाचे आजोबा गिरणीत कारकून म्हणून. दक्षिणेतलं मूळ गाव प्रत्येकाला असतं आणि पाहिलेलं कुणीच नसतं. लग्नपत्रिकेत ते गाव छापून येतं, मुंजीत भटजी विचारतात तेव्हा आठवतं, मग पुन्हा पुढच्या कार्यापर्यंत कुणाला त्याची गरज पडत नाही. पण एखादी खूण मात्र घराघरात राहिलेली असते. वेशीजवळ तिरकं झाड आहे, विहिरीला दोन तोंडं आहेत, मारुतीचा एक कान तुटलेला आहे. सासूने सुनेला सांगितलेली, तिने तिच्या सुनेला.

हे फोटोवाले काका त्या खुणा गोळा करत. कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. वर्षभर लग्नाचे, परीक्षेच्या फॉर्मचे, मेलेल्या माणसांचे फोटो काढायचे आणि दिवाळी झाली की दुकानाला कुलूप लावून, तिवई आणि फोटोच्या काचांची पेटी घेऊन, खंडव्याला गाडी बदलून दक्षिणेत उतरायचे. दोन-अडीच महिने गावोगाव हिंडून, ज्याने जी खूण सांगितली असेल ती शोधून तिचा फोटो घेऊन यायचे. उंच, वाळका माणूस. बंद गळ्याचा कोट, त्याचे खिसे कायम फुगलेले. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांना स्वतःचं मूळ गाव मात्र ठाऊक नव्हतं. वडील पटकीत गेले तेव्हा हे चार वर्षांचे होते. "मला कोणी खूण सांगितलीच नाही ना भिया," असं ते हसत म्हणायचे, "म्हणून लोकांच्या मागत फिरतो."

माझी त्यांची ओळख मात्र कचेरीतली. मध्यभारत सरकारच्या एका खात्यात मी नवा कारकून होतो. आमच्या साहेबांच्या मनात आलं की मांडूवर एक सचित्र पुस्तिका काढावी. फोटोवाल्या काकांना पाठवलं. आठ दिवसांनी त्यांनी फोटो आणून टेबलावर ठेवले. साहेब ग्वाल्हेरचे. त्यांनी सगळे फोटो पत्त्यांसारखे पसरले आणि म्हणाले, "भाई, इनमें तो जान ही नहीं है."

"जान कहाँ से आएगी साहब?" काका शांतपणे म्हणाले. "वहाँ की निशानी मुझे किसी ने दी ही नहीं. मैं ढूँढता क्या?"

पुस्तिका तशीच छापली गेली. तीत मांडूचा जहाजमहाल एखाद्या धान्याच्या कोठारासारखा आला आहे. मी मात्र त्या दिवसापासून या माणसाच्या मागे लागलो. संध्याकाळी कचेरीतून सुटलो की त्यांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचो.

फोटो घरी पोचवण्याची त्यांची एक रीत होती. पाकीट ते कुणाच्या हातात देत नसत. स्वतः घरी जायचे, घरातल्या सगळ्यात वडील माणसाला पाटावर बसवायला लावायचे आणि मग फडक्यात गुंडाळलेला फोटो त्या माणसाच्या मांडीवर ठेवायचे. ठेवला की स्वतः फोटोकडे बघतच नसत. त्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून उभे राहायचे. मी दोन-तीनदा बरोबर गेलो आहे. बोट फोटोवर फिरायचं, एका जागी थांबायचं, आणि "हेच! अगं, हेच बघ ते!" असा हुंदक्यासारखा आवाज निघायचा. बाहेर आल्यावर काका म्हणायचे, "तिथे मी नुसती काच उजेडात धरतो रे. फोटो इथे निघतो."

सगळीकडे रडारडच व्हायची असं नाही. एका जुन्या सरदार घराण्यातल्या वृद्ध गृहस्थांनी आपल्या गढीची खूण दिली होती. तलवार भिंतीवर, मिशा पीळ दिलेल्या. फोटो मांडीवर आला तर त्यात एक पडकी भिंत आणि तिच्यावर उभी राहिलेली बकरी. गृहस्थांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "ती बकरी तेवढी बाजूला करता आली नाही का?"

"ती वहाँ की है साहेब," काका म्हणाले. "बाहेरचे आपण."

गृहस्थ आधी रागावले, मग हसले, आणि शेवटी बकरीसकट तो फोटो देवघराशेजारी लागला. अशी चाळीसेक घरं असतील. त्या घरांमध्ये काका पाहुणे नव्हते, त्याहून जवळचे काहीतरी होते. सणाला त्यांचं ताट वाढलेलं असायचं.

आता आमच्या घराचं सांगतो. सांगायचं जिवावर येतं, पण त्यासाठीच लिहायला बसलो आहे.

माझ्या आधी आईची तीन मुलं गेली. मी पोटात असताना तिने कुलदेवीला नवस केला होता की हा जगला तर तुझ्या पायरीशी येऊन ओटी भरीन. मी जगलो, पण ती जाऊ शकली नाही. वडिलांना रजा नसायची, मग त्यांचं आजारपण, मग ते गेले. विधवेने ओटी कशी भरायची, म्हणून नवस तसाच राहिला. माझं लग्न झालं तेव्हा आईला दम्याने धरलेलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्या बायकोला जवळ बसवून सांगितलं, "ओटी तू भरायची. मी खालच्या पायरीशी उभी राहीन. नुसती उभी राहीन."

काका खूण घ्यायला आले तेव्हा आईने त्यांना डोळे मिटायलाही वेळ दिला नाही. तिला सगळं पाठ होतं. देवळाला नऊ पायऱ्या. सातवी पायरी डाव्या अंगाला फुटलेली. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना चाफा. देवळाकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला नदी. तिच्या सासूने सांगितलेलं, तिने कधीही न पाहिलेलं. सांगताना तिचा श्वासही लागला नाही.

"आई, फोटो आणतो," काका वही मिटत म्हणाले. "फिर फोटो देखके तब्येत दुरुस्त करा. मग मीच तुम्हाला घेऊन जातो. रस्ता माझ्या पायाखालचा असेल."

दरवर्षी ते पौषात परत यायचे. त्या वर्षी माघ अर्धा उलटला तेव्हा दुकान उघडलं. उघडल्यावरही बारा-तेरा दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. आई रोज विचारायची. मी दुकानात गेलो की ते आतल्या अंधाऱ्या खोलीत असायचे. "काचा धुवून राहिलो आहे, दो दिन," असं आतूनच सांगायचे.

एका सकाळी ते आले. आईला आता पाटावर बसवत नव्हतं, उशांना टेकवून बसवलं. त्यांनी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. आईने चष्मा लावला आणि बोटाने पायऱ्या मोजायला सुरुवात केली. सातव्या पायरीवर बोट थांबलं. तिथे डाव्या अंगाला फुटलेला कोपरा होता. "ही," ती म्हणाली. "ही बघा. हा चाफा. नदी इकडे, उजवीकडे. मी म्हटलं नव्हतं?" आणि मग माझ्याकडे वळून, मी लहान असल्यासारखं म्हणाली, "बाळा, आपलं गाव."

मी रडत होतो, बायको रडत होती. काका काय करत होते ते मी पाहिलं नाही. चहा न घेता गेले एवढं आठवतं.

त्या फोटोने आईच्या अंगात बळ आलं. ती भिंतीला धरून चालायला लागली. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या असं एक गाठोडं बांधून तिने उशाशी ठेवलं आणि काकांना निरोपावर निरोप धाडायला सुरुवात केली. न्यायचं कबूल केलंत ना, मग केव्हा? ते येऊन बसत, तिचं बोलणं ऐकत आणि काहीतरी सांगून पुढे ढकलत. "थंडी जाऊ द्या आई." "होळी होऊ द्या." मग म्हणायला लागले, "वैशाख येऊ द्या. वैशाखात पक्कं नेतो, कसम से." ऐन उन्हाळ्यात दमेकरी बाईला प्रवासाला न्यायचं म्हणतात, याचं मला नवल वाटलं होतं. पण मोठ्या माणसाला काय विचारायचं म्हणून मी बोललो नाही.

चैत्राच्या शेवटी आई गेली. जाताना तिने गाठोडं माझ्या बायकोच्या हातात दिलं आणि फोटो माझ्या. "वाट चुकलात तर हा कुणालाही दाखवा," म्हणाली.

वर्षभर थांबायची रीत, पण नवस आईचा होता. दिवाळी झाल्यावर रजा काढून आम्ही दोघं निघालो. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "मत जाओ भिया, अजून नका जाऊ." कारण विचारलं तर आतल्या अंधाऱ्या खोलीत निघून गेले. आम्ही गेलो. पुण्याहून मोटार, मोटारीतून उतरून बैलगाडी, आणि शेवटचा डोंगर पायी. उतारावर वळलो आणि समोर पाणी दिसलं. डोंगरापासून डोंगरापर्यंत पसरलेलं पाणी.

काठावर एक म्हातारा म्हशी राखत बसला होता. मी त्याला गावाचं नाव सांगितलं. त्याने काठीने पाण्याकडे दाखवलं.

"धरण झालं तवाच गेलं की. म्या तरणा होतो. समदी मान्सं पांगली."

"आणि देवी?"

"कुनी म्हनतं उचलून नेली, कुनी म्हनतं तशीच हाय खाली. कुनाला ठाव?"

मी फोटो काढून दाखवला. त्याने तो लांब धरून नीट पाहिला. "ह्ये हितलं न्हाई," म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. "मागल्या साली तुमच्यासारकाच एक आल्ता, तिकडल्याच बोलीचा. तीन पायांची घोडी घेऊन. चार दिस ह्या धोंड्यावर बसून व्हता. पानी कवा उतरतं म्हून इचारायचा. म्हनलं, वैशाकात कवाकवा देवळाचा माथा दिसतो. तर म्हनतो, तवर त्या आई टिकत्याल का?"

तिथेच मला त्या माणसाची दया यायला हवी होती. मला संताप आला. पाच पिढ्या आम्ही ज्या गावाचं नाव घेऊन पाणी सोडत होतो ते गाव कधीच पाण्यात गेलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता, याची लाज होती ती. पण लाजेचा राग स्वतःवर कोण काढतो? बायकोने गाठोडं सोडलं, गुडघाभर पाण्यात उतरून खण आणि बांगड्या सोडल्या. त्या गेल्या. नारळ तरंगत परत काठाला आला. तिने तो पुन्हा ढकलला. तो पुन्हा आला. आम्ही निघालो तेव्हा तो तिथेच काठाला लागलेला होता.

इंदूरला उतरलो तो थेट दुकानात. चार गिऱ्हाइकं बसली होती. मी फोटो त्यांच्या टेबलावर आपटला आणि ओरडलो, "हा कुठला आहे ते या लोकांसमोर सांगा!"

त्यांनी नाकारलं नाही. "दुसऱ्या गावचा," म्हणाले. "बारा कोसांवरच्या. गिरिजेचं देऊळ आहे. पायऱ्या अकरा होत्या, खालच्या दोन मी मातीने झाकल्या. चाफा एकच होता, दुसऱ्या बाजूला फांद्या आणून रोवल्या. नदी डावीकडे होती म्हणून काच उलटी घालून छापली."

"आणि सातवी पायरी?"

त्यांनी फोटो उचलून पालथा ठेवला. "ती मी फोडली," म्हणाले. "पहाटे जाऊन, दगडाने. देवळाची पायरी फोडली भिया मी. हात चालत नव्हता."

मी तेव्हा काय काय बोललो ते लिहीत नाही. खोटारडे म्हणालो, हे सगळ्यात सौम्य. ते ऐकत राहिले. गिऱ्हाइकं उठून गेली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "वैशाखात जाऊन खरा माथा आणणार होतो. आई थांबल्या नाहीत. पण ते जाऊ द्या. तुम्ही मला एक सांगा. इतक्या घरांत मी फोटो दिले, पण तुमच्या आईसारखं पक्कं कुणीच ओळखलं नव्हतं. झूठे फोटो को. मग बाकीच्यांनी खऱ्याला ओळखलं ते काय होतं? माझ्या मनात होतं, मी काहीतरी जोडून देतो. मी काय जोडत होतो?"

उत्तर द्यायलाच हवं होतं असं नाही. नुसतं जवळ बसता आलं असतं. मी पाठ फिरवून चालता झालो.

"बाकी सगळे खरे आहेत," ते मागून म्हणाले. "आईशप्पथ खरे आहेत."

त्यांचं म्हणणं खरं होतं हे मला त्याच क्षणी माहीत होतं. तो माणूस खोटं बोलायला शिकलाच नव्हता. एकदा बोलला तर सगळं कसं केलं ते पायरीपायरीने सांगून मोकळा झाला. पण मी कचेरीत सांगितलं. शेजारी सांगितलं. संक्रांतीला शेजारच्या बायका तिळगूळ द्यायला आल्या तेव्हा तर माजघरात उभा राहून, पायऱ्या मातीने कशा झाकल्या ते हातवारे करून सांगितलं. बायकोने मला आत बोलावून गप्प राहायला सांगितलं. मी ऐकलं नाही.

पंधरा दिवसांत फोटो परत यायला लागले. कुणी भांडायला आलं नाही, आले असते तर बरं झालं असतं. लोक यायचे, फोटो टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "काका, हा तरी खरा आहे का?" ते शपथ घ्यायचे. लोक मान हलवायचे आणि फोटो तिथेच सोडून जायचे. काकांनी काहींना म्हटलं, चला, माझ्या खर्चाने दाखवतो. एकही माणूस गेला नाही. पिढ्यान् पिढ्या कुणी गेलं नव्हतं, आता कोण जाणार? फोटो भिंतीशी चळत लावून ठेवलेले मी रस्त्यावरून जाताना पाहिले आहेत. त्यांची तोंडं भिंतीकडे केलेली होती.

पुढच्या दिवाळीला दुकानाला कुलूप लागलं नाही. त्यानंतरही कधी लागलं नाही. सणाला त्यांचं ताट मांडणं घराघरातून बंद झालं. ते राखाडी पडद्यासमोर लोकांना बसवून कागदोपत्री लागणारे फोटो काढत राहिले. नवं लग्न झालेलं एखादं जोडपं खूण घेऊन आलंच तर म्हणायचे, "आता मी ते करत नाही. सरळ बघा."

चाळीस घरं काही फार नसतात. आठ-दहा संध्याकाळी मला पुरल्या असत्या. दारात उभं राहून एवढंच म्हणायचं होतं की आमचा एकच खोटा, तुमचा खरा आहे, घेऊन या परत. पहिलं वर्ष रागात गेलं. मग राग गेला आणि लाज आली, आणि लाजेने रस्ता बदलून जायला शिकवलं. मी दुसऱ्या पुलावरून कचेरीत जायला लागलो.

मग मध्यभारतच मोडला. कचेऱ्या भोपाळला निघाल्या, आमची नावं यादीत लागली. नोकरीच्या कागदांसाठी नवा फोटो हवा होता. शहरात फोटोवाले पुष्कळ होते. मी त्यांच्याकडेच गेलो. आज सगळं बोलून टाकायचं, पाय धरायचे, असं घरून ठरवून निघालो होतो.

ते खूपच थकले होते. मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. "बसा," म्हणाले. कॉलर नीट केली, हनुवटीला दोन बोटं लावून तोंड सरळ केलं. त्या बोटांना औषधांचा वास होता. मग काळ्या कापडाखाली गेले. मला वाटलं, आत्ता बोलावं. ते आत आहेत, माझ्याकडे बघत नाहीत, आत्ता सोपं आहे. ते बघतच होते हे माझ्या लक्षात आलं नाही.

"झालं," ते बाहेर येऊन म्हणाले. "परसों घेऊन जा."

मी परवा गेलो नाही, कचेरीतल्या शिपायाला पाठवलं. आठवड्याने भोपाळची गाडी धरली. त्याच थंडीत काका गेल्याचं मेव्हण्याच्या पत्रातून कळलं. शेवटच्या ओळीत होतं, गहू स्वस्त झाल्याच्या बातमीखाली. दुकानातलं सामान कुणी नेलं, भिंतीशी लावलेल्या फोटोंचं काय झालं, हे त्यात नव्हतं आणि मी उलट विचारलंही नाही.

तो फोटो माझ्या नोकरीच्या कागदांवर शेवटपर्यंत चिकटलेला होता. निवृत्त झालो तेव्हा कागदांबरोबर परत मिळाला. फोटोत कॉलर नीट आहे, मान सरळ आहे, पण ओठ किंचित उघडे आहेत. कुणीही बघितलं तरी कळेल की हा माणूस काहीतरी बोलणार आहे. त्यांनी नेमका तोच क्षण घेतला होता. त्यानंतर मी बोललो नाही.